चावीशिवाय लागणारा दिवा

अण्णा, तुमच्या नातवाला मोटारसायकल घेऊन दिली. तो लातूरला क्लासला असतो, तिसऱ्या मजल्यावर खोली करून, आणि मी इकडे नांदेडला कूस बदलत रात्र काढते. गाडी आली त्या दिवशीच मी वॉरंटीचं पुस्तक वाचून काढलं आणि त्याला तंबी दिली, की सायलेन्सर बदलायचा नाही, एकाही वायरला हात लावायचा नाही. ऑइल तो कोपऱ्यावरच्या गॅरेजात बदलतो. "मम्मी, पुस्तकात लिहिलंय तेच टाकलंय, बिल ठेवलंय, सर्विसिंगही चुकवली नाही. आता तरी झोप," म्हणतो. झोप कुठली येते!

माझी धास्ती तुमच्या मोटारसायकलपासूनची. भूकंपाच्या त्या पहाटे चाकूरजवळच्या आपल्या घराची मागची भिंत आईच्या अंगावर आली. तुमची नवी गाडी अंगणात धडधाकट उभी होती. तिचा दिवा लागला असता तर आई दिसली असती. पण चावी भिंतीवरच्या खिळ्याला, आणि तीच भिंत पडलेली. तुम्ही अंधारात हातांनी दगड उपसताय आणि मी अंगणात उभी राहून नुसता आवाज ऐकतेय. आई सापडली तेव्हा उजाडलं होतं. जगली, पण कंबर कायमची गेली.

पुढं तुम्ही गाडीची वायर कापून बॅटरीवर एक वेगळा दिवा बसवून घेतलात, चावीशिवाय लागणारा. लोक म्हणायचे, गुरुजींनी खूळ घेतलंय. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा लातूरला जाताना मी तुमच्यापुढं पेट्रोलच्या टाकीवर बसलेय, आणि माझ्या गुडघ्याखालून धूर येतोय. तुम्ही मला उचलून कडेच्या तुरीत टाकलंत आणि ती वायर हातानंच ओढून तोडलीत. तळहात भाजला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, त्याचंच मला लई भ्या वाटलं.

कंपनीच्या सर्विस सेंटरमधला माणूस अदबीनं म्हणाला, "गुरुजी, इंजिनाचं काही निघालं तर वॉरंटीत करून देतो. पण ही वायर तुम्ही कापली, तिच्यामुळंच जळलं. हे न्हाई बसत."

"घराची वॉरंटी कोण देत होतं?" तुम्ही म्हणालात. तुम्ही पदरचे पैसे घालून दिवा पुन्हा लावून घेतलात. त्यानंतर शाळेतून आलात की आधी तो लावायचात आणि गाडीशी वाकून उभे राहायचात. मी मात्र टाकीवर बसायचं नावच काढलं नाही.

परवा रात्री इकडे जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. पण लातूरला फोन लावला तर पोरगा उचलेना. नाही नाही ते मनात आलं. सकाळी म्हणतो कसा, "झोपलो होतो." मी मिळेल ती एसटी धरून गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि चावी दिसली, भिंतीवर, खिळ्याला.

तो क्लासला गेला तशी मी गाडी ढकलत गॅरेजात नेली आणि तुमच्यासारखाच दिवा लावायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "ताई, वायर कापली की वायरिंगची वॉरंटी गेली समजा. लावू का?" माझ्या नाकात तो धूर भरला होता. "लावा," मी म्हणाले, "पण फ्यूज टाका. चांगला टाका."

पोराला अजून सांगितलं नाही. तो माझ्यावरच ओरडेल, आणि त्याचं बरोबरच असेल. गॅरेजातून निघताना मी चावी पर्समध्ये टाकून, तिच्याशिवाय लागतो का बघायला बटण दाबलं. दिवा लागला. बरं वाटायला हवं होतं. पण वायरवर हात ठेवून, ती तापते का ते बघत मी कितीतरी वेळ वाकून उभी राहिले, आणि तेव्हा कळलं की शाळेतून आल्यावर तुम्ही काय करत होतात.

हे लिहून झालं की फाडून टाकेन. तुम्ही घाबरत होतात हे तुम्ही गेल्यावरही कुणाला कळलेलं तुम्हाला आवडलं नसतं. मीही अजून कुणाला सांगत नाही.