मोहाले गुमान जाऊ नये

फुलसावंगी,
२ एप्रिल १९६३

ती. बाबारावदादास पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

आधी सांगतो, भेऊ नको. मोहाची फुलं येचाले गेलती तव्हा अस्वलानं माहा डावा खांदा फाडला. डाक्टरनं टाके घातले, आता बरं आहे.

चूक आमचीच. दरसाल आम्ही बाया पहाटे गाणे म्हणत मोहाखाली जातो. आवाज आयकला का अस्वल आपसूक निंघून जाते. तुले ठाऊकच आहे, औंदा सासूबाई वारल्या. ह्याइनं बजावलं, "वरीस होईस्तोवर माह्या मायच्या घरातल्या कोनी गाणं म्हणायचं नाही." मंग आमच्या दुःखापायी साऱ्याच जणी गुमान, तोंड मिटून गेलो. ते बिचारं खाली मुंडी घालून फुलं खाऊन राह्यलं होतं, अन् मी एकदम त्याच्या पुढ्यात! ते बी भ्यालं, मी बी.

वैनीले नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुही,
पंचफुला

नेर,
७ एप्रिल १९६३

चि. पंचफुलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी रडली अन् मी चिडलो. खांदा फाडणाऱ्याला बिचारं म्हणतेस? आता जंगलाचं नाव काढू नको. उकंडाराव दाजींना नमस्कार सांग, अन् हेही सांग की तू पुन्हा मोहाखाली गेलीस तर मी येऊन तुला माहेरी घेऊन जाईन. खांद्याला जप. कळावे, माया आहे म्हणून रागावतो.

तुझा,
दादा

फुलसावंगी,
१५ एप्रिल १९६३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रागावशील त रागाव, मी काल गेलती. वरीसभर चुलीपाशीच असतो. मोहाच्या दिवसात तेवढं रान भेटते, फुलाइचा वास, मैतरिनीच्या गप्पा. ते कायले सोडू? ह्याइले तोंडावर सांगतलं का उजाडल्याबिगर जात नाही, एकटी जात नाही, पन गाणं म्हणीनच. एक मेली तिच्या दुःखापायी दुसरीले मारता का? जावेनं नाक मुरडलं. हे काठी घेऊन मांगून चालू लागले.

जंगल लागलं अन् माह्याच्यानं सूर धरवेना. बाकीच्या बायाइचाही आवाज फुटेना. तव्हा मांगून ह्याइनंच, सासूबाई मोहाखाली म्हणत ते गाणं धरलं. बेसूर, अन् रडत रडत. मंग आम्ही साऱ्या जणीनं असा सूर लावला का रान दणाणलं. अस्वल कुठं दिसलं नाही.

मले न्याले येशील त खुशाल ये. पन जंगलवाटेनं गुमान येऊ नको. राग गेला का लोभ असू दे.

तुही,
पंचफुला