लल्ला मनूबियाची हिरवी सफसारी

ट्युनिस, जुनं शहर
मंगळवार

आदरणीय सादकमामांना एम्नाचा सलाम.

सूसच्या समुद्राच्या हवेने तुमचे गुडघे सुधारले असतील, अशी आशा आहे. आई बरी आहे. आपलं जुनं घरही ठीक आहे; म्हणजे उभं आहे. (इंजिनियर म्हणून एवढंच लेखी देते. गेल्या महिन्यात याहून जास्त लेखी दिलं, त्याचंच हे पत्र.)

दिवाणखान्याच्या भिंतीतली ओल शेजारच्या लल्ला मनूबियाच्या विहिरीतून येते, असं तुम्ही एकोणीस वर्षं म्हणत आलात. तुमच्या तक्रारीला मी माझा अहवाल जोडला, खाली सही केली, आणि येत्या शुक्रवारी तिची विहीर बुजवायचा नगरपालिकेचा हुकूम निघाला. मग मला पुरावा पक्का करावासा वाटला. (क्रम उलटा झाला, हे मला मान्य आहे.) आपल्या अंगणाखालच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्यात मी गळती शोधायचा हिरवा रंग टाकला. माझ्या हिशेबाने तो कुठेच दिसणार नव्हता आणि आपलं टाकं निर्दोष ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर लल्ला मनूबिया. तिची पांढरीशुभ्र सफसारी, पुतणीच्या लग्नात डोक्यापासून पायापर्यंत पांघरायची म्हणून विहिरीच्या पाण्याने धुतलेली, कच्च्या लिंबासारखी हिरवी झाली होती.

“पोरी,” ती म्हणाली, “तुमचं पाणी माझ्याकडे येतं, हे तुझ्या आजीच्या वेळेपासून ठाऊक आहे मला. हल्ली रंगवून पाठवता होय?”

मी पाण्याच्या दाबाबद्दल दोन वाक्यं बोलले. तिने ती ऐकून घेतली आणि हे शिकायला किती वर्षं लागली, ते विचारलं. सहा, म्हटलं.

“अगं बाई! मला विचारतीस, तर कॉफी निवायच्या आत सांगितलं असतं.”

आई आत हसली. मी उंबऱ्याजवळच्या फरशा मोजल्या. (चौदा आहेत.) दुपारपर्यंत दिवाणखान्याची भिंतही हिरवी झाली.

काल मी अहवाल मागे घेतला. अर्जात ‘कारण’ या रकान्यात ‘माझी चूक’ असं लिहिलं. साहेबांनी तांत्रिक शब्द मागितला. दुसरा नव्हता.

तुमची भाची,
एम्ना

ता.क. तक्रार तुमच्या नावावर आहे, त्यामुळे विहीर वाचायला तुमची सही लागेल. कागद सोबत आहे. गुरुवारी स्वतः घेऊन या.

ता.क. २ टाक्याची चीर सापडली. गवंड्याचे पैसे वाचवायला तुम्ही स्वतः सिमेंट थापलं होतंत, बरोबर तिथेच.

ता.क. ३ नवी सफसारी तिने घेतली नाही. शनिवारी लग्नाला हीच पांघरणार, आणि कुणी विचारलं तर सादककडचा आहेर म्हणून सांगणार आहे. आमंत्रण आपल्यालाही आहे.