कंपनीच्या वतीने कोण बोलणार?

गुरुवार, २२ ऑक्टोबर १९९८

प्रिय आर्लन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून म्हणशील, "तीन गल्ल्या सोडून राहते आणि टपालाने पत्र काय पाठवते ही बया!" म्हण. परवा कोर्टातून बाहेर पडताना तू माझ्या टेबलाकडे एकदा बघितलंस, टोपी चढवलीस आणि निघून गेलास. दोन शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं रे. समोर येऊन बोलायला गेले तर मी रडायला लागेन, मग तूच उठून मला कॉफी करून देशील, आणि ते मला सोसणार नाही. जोनलाही हे वाचायला दे. तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

ही सगळी आग मीच लावली. चार वर्षांपूर्वी ह्यूबर्ट क्लॉसचं घर गेलं तेव्हाची गोष्ट. त्याने वेल्डिंग करून दिलेला जिना तुटला, माणूस पडला, खटला झाला, आणि धंदा त्याच्या स्वतःच्या नावावर असल्यामुळे दुकानाबरोबर राहतं घरही गेलं. त्या शुक्रवारी क्लबात मासे खाताना मी तुझ्या डोक्यावर बसले. "उद्याच्या उद्या कंपनी कर. कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळा माणूस. तिचं तिच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. कारखान्यावर काही आलं तरी जोनच्या डोक्यावरचं छप्पर राहील." तू म्हणालास, "म्हणजे या वयात मला आणखी एक पोर झालं म्हणायचं! पहाटे दूध उतरवून घ्यायला उठेल का ते?" जोन हसून हसून दमली. सोमवारी माझ्याच स्वयंपाकघरात बसून तू सही केलीस, आणि ग्रुंडहोफ चीज नावाची कंपनी जन्माला आली. बघ, तेव्हा कशी भरभरून सल्ले देत होते मी. कोणी विचारलंही नव्हतं.

मग ती मिलवॉकीची माल उचलणारी मंडळी आली. कराराची बारा पानं होती आणि तू वाचलीस दोन. आठव्या पानावर लिहिलं होतं की तीन वर्षं तुझं चीज त्यांच्याखेरीज कोणालाही विकायचं नाही. तुझ्या वडिलांनी, रुडीकाकांनी, कारखान्याच्या दारात जो गल्ला मांडला, जिथे सकाळी दहाला ताजे, दाताखाली करकरणारे तुकडे घ्यायला अर्धा तालुका उभा असतो, तोही त्या "कोणालाही" मध्ये बसतो, हे तुझ्या स्वप्नातही आलं नाही. पहिल्या वर्षानंतर त्यांनी माल उचलणं निम्म्यावर आणलं. तू गल्ल्यावर जगलास. आणि त्यावरच त्यांनी दावा ठोकला.

अकरा सप्टेंबरला, शुक्रवारी, चर्चला घालतोस तो शर्ट घालून तू कोर्टाच्या कचेरीत माझ्या खिडकीशी आलास. हातात स्वतः लिहिलेलं उत्तर, दोन पानं. मी वाचलं. इतकं खरं आणि इतकं नीट लिहिलेलं उत्तर आमच्याकडे वकिलांकडूनही येत नाही. खाली सही होती, आर्लन ग्रुंडहोफ, मालक. घोळ त्या सहीत होता. माणसाला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पण दावा तुझ्यावर नव्हताच, कंपनीवर होता. आणि कंपनीला तोंड नसतं आर्लन, तिच्या वतीने फक्त वकील बोलू शकतो. तुझी ती दोन पानं कोर्टात कोरीच धरली जाणार, हे मला त्याच क्षणी कळलं.

आणि मी काय केलं? शिक्का मारला. माझ्या डोक्यावर पाटी होती, "येथे कायदेशीर सल्ला दिला जात नाही." बावीस वर्षं आमच्या कचेरीच्या मोठ्या बाई, डेलफिन ऑस्टबी, आम्हा कारकुनांकडून हेच घोकून घेतात. एका मुलीने कोणा विधवेला अर्जात काय लिहायचं ते सांगितलं, तर तिला दुपारच्या आत घरी पाठवलं होतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. तू विचारलंस, "बरोबर आहे ना गं सगळं?" मी म्हणाले, "आम्हाला सल्ला देता येत नाही." तू हसलास. "तुला? तुला सल्ला देता येत नाही? अगं, पोल्का नाचताना माझा डावा पाय कुठे पडावा हे तू दहा वर्षं सांगत होतीस!" मग शिक्क्यावर बोट ठेवून म्हणालास, "चला, झालं. खऱ्याला वकील कशाला लागतो?" आणि चीजच्या तुकड्यांची पिशवी खिडकीत ठेवून शीळ घालत गेलास. शिक्का बसला म्हणजे कागद चालला, असं वाटलं तुला. सगळ्यांनाच वाटतं तसं. तो शिक्का फक्त तारखेचा असतो.

त्या पिशवीला मी हात लावला नाही. तशीच वाळून गेली. सहा आठवड्यांत तू रविवारी चर्चमध्ये भेटलास, दुकानात भेटलास, आणि दर वेळी माझ्या जिभेला लकवा मारायचा. एकोणीसशे एकाहत्तरमध्ये तू मला कारखान्यात ये म्हणाला होतास, आणि नुसतं कामाला ये म्हणत नव्हतास. तेव्हाही मी अशीच गप्प बसले होते. जोन चांगली मिळाली तुला. माझं मेलं नेहमी असंच, बोलायचं तिथे बोलत नाही.

परवाचं मी काय सांगू! तू समोर होतास आणि मी खाली बसून प्रत्येक शब्द टिपत होते. न्यायाधीश हॅवरकॅम्प साहेबांनी विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" "नाही साहेब, मी मालक." "मग कंपनीच्या वतीने तुम्हाला बोलता येणार नाही." तू म्हणालास, "साहेब, कंपनी म्हणजे मीच की! पहाटे चारला कढईपाशी दुसरं कोण उभं असतं?" ते म्हणाले, "कायद्याने नाही, मिस्टर ग्रुंडहोफ." त्यांचे कान लाल झाले होते. शनिवारी तुझ्याच रांगेत असतात ते, त्यांना काय आनंद होत होता का? पण नियम त्यांनाही सोडत नाही. उत्तर बाद, म्हणून दावा बिनविरोध, म्हणून हुकूम: सोमवार दोन नोव्हेंबरपासून गल्ला बंद. करार संपायला अजून वीस महिने आहेत आणि गल्ल्याशिवाय तू नाताळसुद्धा काढू शकत नाहीस. तुझ्याकडे दूध घालणाऱ्या अकरा गोठ्यांचं काय होणार, ते तर विचारूच नकोस. घर मात्र वाचलं. मी म्हटलं होतं तसंच वाचलं, कपाळ माझं.

खरी चपराक काल बसली. मी डेलफिनबाईंपाशी रडले, म्हटलं, हा नियम काय जाळायचा आहे? त्या म्हणाल्या, "मार्लिस, कंपनीला वकील लागतो हे सांगणं म्हणजे सल्ला नाही. ती नुसती माहिती आहे. आपण लोकांना वाटतो त्या पत्रकातच छापलंय की, पान सहा." ती पत्रकं माझ्या कोपराशी असतात रे. रोज सकाळी मी त्यांचा गठ्ठा सरळ करते. एक उचलून तुझ्या हातात दिलं असतं तर कोणी माझा केसही वाकडा केला नसता. नियमाने मला अडवलंच नव्हतं. मी घाबरले, एवढंच. बावीस वर्षं घाबरायची सवय झाली की माणूस वाचायचंही सोडतो.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. एकदा दिलेला असा हुकूम उघडता येतो, पण अर्ज वकिलानेच करावा लागतो, लवकर करावा लागतो, आणि चूक का झाली याचं पटेल असं कारण दाखवावं लागतं. कारण मी आहे. पत्र मिळेल त्या पावली बेकरीच्या वरच्या मजल्यावर व्हर्जिल टॉम्पसेट वकिलाकडे जा आणि हे त्याच्या हातात ठेव. मी, मार्लिस व्हेटर, या कोर्टाची कारकून, लिहून देते की आर्लन ग्रुंडहोफ अकरा सप्टेंबरला, मुदतीच्या आत, माझ्याकडे आला, त्याने बरोबर आहे का असं विचारलं, आणि उत्तर चालणार नाही हे माहीत असून मी शिक्का मारून त्याला परत पाठवलं. साहेब ऐकतील का, मला माहीत नाही. कदाचित नाही ऐकणार. पण कुठे जा आणि काय दाखव हे सांगणं म्हणजे मात्र शंभर टक्के सल्ला झाला, आणि तो कोर्टात वाचला गेला की माझी खुर्ची गेली. तुझा स्वभाव मी ओळखते. मला वाचवायला तू हे पत्र चुलीत घालशील आणि जोनला सांगशील की काही आलंच नाही. म्हणून याची दुसरी प्रत आज संध्याकाळी घरी निघताना मी डेलफिनबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. माझं जे व्हायचं ते झालंय. आता तू जा.

तुझीच,
मार्लिस