तक्रारीसाठी राखलेला नमुना

अप्पा, तुमच्या रक्ताची नळी अजून बंद आहे. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, खालून दुसऱ्या कप्प्यात. कॉलेजच्या बायोबँकेत मी तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हापासून ती माझ्याच ताब्यात आहे. इथं लोकांचं रक्त पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवतात. तुमच्या कप्प्यापाशी मी उगाच थांबत नाही.

बियाण्यांच्या कारखान्यातली तुमची थंड खोली आठवते. सुट्टीत अंबडहून बसनं मी तुमच्यासोबत जालन्याला यायचे. विक्रीला गेलेल्या बियाण्याच्या प्रत्येक लॉटची, म्हणजे खेपेची, एक सीलबंद पिशवी तुम्ही फळीवर राखून ठेवायचात. शाळेत मोड आणून दाखवायचे म्हणून मी त्यातली एक फोडली. तुम्ही ओरडला नाहीत. पिशवी हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "बाई, नमुना तक्रारीसाठी असतोय. तक्रार आली तरच फोडायचा. फोडला की मंग पुन्हा बंद होत न्हाई."

मी बारावीला असताना स्वयंपाकघरात तुमच्या हातातली बशी वाजायला लागली. आधी आई हसायची. मग चहा स्टीलच्या ग्लासात, दोन्ही हातांनी धरून. मग चालताना तोल जाऊ लागला. आजोबांचंही असंच झालं होतं. गाव त्यांना दारुडा म्हणायचं आणि ते थेंबभरही पीत नव्हते. याच कॉलेजच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की घराण्यातून येणारा आजार दिसतो, तसं असेल तर मुलीला होण्याची शक्यता निम्मी. आजाराची खूण आधी तुमच्या रक्तात शोधायची, मग माझ्या. तुम्ही रक्त दिलंत, तपासू मात्र दिलं नाहीत. जीभ जड झाली होती, तरी विचारलंत, "गारव्यात बराबर राहील ना? ठेवा. माझी पोर मागील तवाच फोडा." तुम्ही गेलात. मी मागितलं नाही.

आज सकाळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बायोबँक समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. बहुतेकांनी हा शब्दच ऐकला नव्हता. एकीला ती रक्तपेढी वाटली; आमचं रक्त कुणाला चढवणार, असं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. लोकांनी नमुने द्यावेत का, यावर जवळजवळ सगळे हात वर गेले. तुम्ही देणार का, म्हटल्यावर निम्मे खाली आले. मागून एकजण म्हणाला, "पेशंटचं घ्या की मॅडम. आमची लग्नं व्हायचीत अजून." वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं. त्याचा प्रश्न बरोबर होता. नळीत काय निघेल आणि ते कुणाकुणाला कळेल, एवढंच त्याला विचारायचं होतं. नाव काढून टाकतो, फक्त क्रमांक राहतो, हे मी सांगितलं. क्रमांकावरून नाव काढता येतं आणि ती यादी माझ्याकडं असते, हेही सांगितलं. मग पुढच्या बाकावरची टेंभुर्णीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचं हाय का त्यात?"

मी बाही वर केली. सहकाऱ्यानं सगळ्यांसमोर रक्त घेतलं. तिच्यामागून आणखी काहीजण रांगेत आले.

दुपारी माझ्या रक्तातला पेशींचा थर वेगळा करून लहान नळीत भरला. ती मुलगी बघायला थांबली होती. नळी स्टँडमध्ये बसवताना कडेवर टकटक वाजली. मी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा वाजली. हा आवाज मला आपल्या स्वयंपाकघरापासून ओळखीचा आहे.

"मॅडम, गार लागलं का?" तिनं विचारलं.

फ्रीजरमध्ये हात घातला की होतं असं, मी म्हणाले. तिला पटलं, ती गेली. तुमच्या शेजारची खाच रिकामी आहे, नळी अजून माझ्या टेबलावर आहे, आणि हे पान कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहिते.

अप्पा, फ्रीजर मी आज उघडलाच नव्हता.