तान नको

४ ऑगस्ट २००३
आजपासून आम्ही एव्हरशाईन सिटीचे रहिवासी! दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून चक्क हिरवंगार दिसतं. सामान लावायचं म्हणून कौस्तुभने बँकेतून लांबलचक रजा काढली, आणि दिवसभरात फक्त टीव्ही लावला. लग्नाला वर्ष होत आलं, तरी नवऱ्याच्या आळसाचं मला अजून कौतुकच वाटतं, काय करणार! उद्यापासून वसई गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ‘वसुंधरा मॅडम’ रुजू होणार. जंतू तपासायचं काम. फार खूश आहे मी.

७ ऑगस्ट
लॅब लहान पण नेटकी. मदतनीस ॲन्सेल्म इथलाच, वसईचा. जेवताना त्याने विचारलं, जंतू अंगात घुसतो कसा? झालं, मला आयतंच व्यासपीठ मिळालं. त्याला सांगितलं, जंतूला आधी चिकटावं लागतं, नाहीतर थुंकी, लघवी, अश्रू त्याला वाहून नेतात. म्हणून त्याच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात, टोकाला आकडा. तो आपल्या पेशीवरच्या साखरेत अडकतो. आणि काही आकडे असे वस्ताद, की प्रवाहाने ओढलं तर आणखी घट्ट धरतात, ओढ थांबली की सैल पडतात. ॲन्सेल्म म्हणाला, म्हणजे आमच्या काकांचा भाडेकरूच की, केस टाकली तसा जास्तच चिकटला. हसून हसून पुरेवाट.

११ ऑगस्ट


खाडीकडच्या गावातून शेतकरी कुटुंब आलं. सून संजना, शेतात विळा तळहातात घुसलेला. अंग तापाने फणफणलेलं, आणि त्याच हाताने तिने नवऱ्याचं, जयरामचं, मनगट धरलेलं. सुटतच नव्हतं. तिच्या तळव्यातून पांढरट, बुळबुळीत काहीतरी पाझरत होतं. घरी शेजाऱ्यांनी दोघांना ओढून पाहिलं होतं. जयरामच्या हाताची कातडी सोलून लोंबत होती, पकड मात्र तिथेच.

सासू धोंडूबाई माझी ओढणी धरून एकच सांगत होती, “तान नको बाय, पोरीला तान नको!” खरंच, पोरीचे ओठ सुकले होते. मी तिला पाणी पाजलं, डॉक्टरांकडून सलाईन लावून घेतलं. जंतू धुऊन निघावेत म्हणून नळाला रबरी नळी लावली आणि त्या दोन हातांवर जोरात धार सोडली.

संजनाची बोटं आवळत गेली. कडकन हाड मोडलं, जयराम गुरासारखा ओरडला. डॉक्टर म्हणाले, ओढा! माझा डबा घेऊन आलेला कौस्तुभही धावला. त्याने संजनाचा हात धरला, दोघा वॉर्डबॉयनी जयरामला कवेत घेतलं आणि सगळ्यांनी मिळून हिसका दिला. जयरामचा पंजा मनगटातून उपटून आला. रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली. तो टेबलावरच गेला. संजना संध्याकाळी गेली, तरी तिची मूठ उघडली नाही. धोंडूबाई रडली नाही, माझ्याकडे नुसती बघत बसली.

घरी येऊन आम्ही दोघांनी नळाखाली खसाखसा हात धुतले.

१३ ऑगस्ट
संजनाच्या जखमेतले जंतू चपट्या काचनळीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. नळीतून पाणी सोडलं, जंतू घट्ट. पाणी थांबवलं, सगळे सुटून घरंगळले. आणि हे मीच ॲन्सेल्मला तोंड वर करून शिकवलं होतं!

मग त्याला धोंडूबाईचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, तिकडे ण म्हणत नाहीत, पाण्यालासुद्धा पानी म्हणतात. ती तहान म्हणत नव्हती हो. ताण म्हणत होती. ओढू नका, एवढंच सांगत होती, घरी ओढल्यावर काय झालं ते तिने पाहिलं होतं.

मी मारलं त्यांना. माझीच मला शिसारी येते आहे.

१४ ऑगस्ट
कौस्तुभला ताप. तळहातावर संजनाच्या नखाचा ओरखडा आहे, तो मला दाखवलाच नव्हता वेड्याने. त्यातून पांढरं पाझरतंय. डॉक्टर म्हणतात, लगेच आणा. जिन्यावरून, रिक्षातून? एवढ्या हिसक्यांत त्याने कुणाला धरलं तर? मी नाही म्हटलं. वॉचमन शत्रुघ्नला किल्ली आणि औषधाची चिठ्ठी दिली. मला फक्त कौस्तुभ हवा आहे. जिवंत.

१५ ऑगस्ट
खाली झेंडावंदन, कर्णा ठणाणतोय. मघाशी कौस्तुभने तापात माझा दंड धरला. बोटं मांसात रुतली, रक्त आलं. मी ओरडले नाही, हलले नाही. दगड झाले. आणि सुटली पकड! आपोआप सुटली! वाचेल तो. दोघंही वाचू —

पुन्हा. या वेळी गळा. आवाज फुटत नाही. उजवा हात मोकळा, वही उशाशीच. काहीतरी लिहीत राहिलं तर घाबरून हिसका देणार नाही मी. हलायचं नाही —

करंगळी सुटली. दुसरं बोट सैल होतंय. कौस्तुभ, पडून राहा रे राजा, असाच —

दार. शत्रुघ्न. बघितलं त्याने, धावला — कौस्तुभच्या खांद्याला हात — आवळलं, आवळ —

वही दाखवली. ताणू नका. अक्षरं जोडून वाचतोय, ता-णू न-का. विचारतोय, मतलब क्या भाभीजी? मराठी येत नाही त्याला. हिंदी में लिखो म्हणतोय, आप लिखो, मैं वही करता हूँ — वहीत डोळे घालून उभा, हात कौस्तुभच्या खांद्यावरच — दिसत नाहीये नीट — हिंदीत, दोनच शब्द —

खींचो