सात नंबरच्या खिळ्याजवळचा खडक

ती. महांतप्पामामांना लोहाऱ्याहून उमाशंकरचे शरणार्थ.

गुडघे आता जिना चढू देतात का? गंगम्मामामींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत, माझी कंबर तेवढी सोडून.

कंबरेचं कारण तुमची लाडकी नात. माझी पोरगी शुभांगी दगडांवर पीएचडी करतेय हे तुम्हाला ठाऊक आहेच. (म्हणजे काय, ते मलाही परवापर्यंत नीट ठाऊक नव्हतं.) पावसाळ्याआधी तिनं बालाघाटातल्या एका ओढ्याच्या कातळात बारा पोलादी खिळे बसवले होते. पुरानं भोवतालचा खडक किती झिजला, ते खिळ्याच्या डोक्यापासून मोजायचं. परवा ती मोजायला निघाली, तेव्हा सोबतीला मी गेलो. जीप शेजारच्या बंडप्पांची. (त्यांना धबधबा बघायचा होता.)

शुभांगी वरच्या अंगाचे खिळे शोधायला गेली. मी दमलो होतो. कातळात रांजणासारखा गोल, गुळगुळीत खड्डा दिसला, अगदी माझ्या मापाचा. उतरून बसलो. बसणं जमलं, उठणं जमेना. तळातले गोटे पायांभोवती दाटले होते. बंडप्पांनी काखेत हात घालून ओढलं, तेव्हा माझ्या कंबरेत कट्‌ झालं आणि ते स्वतः पाण्यात बसले. शुभांगी पळत आली. मला वाटलं, घाबरली असेल. तिनं आधी फोटो काढला. (खड्ड्याचं माप कळायला आत माणूस असलेला बरा म्हणे.)

मग एकेक गोटा उपसत शिकवू लागली. नुसतं पाणी एवढा टणक खडक कापत नाही. पुरानं आणलेले गोटे खड्ड्यात गरगरतात आणि तेच खडक घासून काढतात. भेगा पडल्या असतील तिथं तर आख्खे चिरे उचकटून जातात, म्हणून धबधबा मागं मागं सरकतो आणि खाली दरी लांबत जाते. मी विचारलं, हा खड्डा व्हायला किती वर्षं लागली?

"शेकडो तरी, अप्पा. तुम्ही पाच मिनिटांत अडकलात."

मामा, छातीपर्यंत दगडात बसून मला पहिल्यांदा कळलं, पोरगी तीन वर्षं काय करतेय ते. लई बरं वाटलं.

सुटल्यावर मोजणी झाली. अकरा खिळ्यांजवळ खडक जेमतेम केसाएवढा झिजलेला. सात नंबरजवळ मात्र चक्क दोन मिलिमीटर! तिनं तीनदा मोजलं आणि मला घट्ट मिठी मारली. (कंबर विसरून.) जीपमधूनच तिच्या सरांना फोन केला. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत ती याच खिळ्यावर बोलणार आहे. बंडप्पांनी वाटेत पेढे घेतले.

मामींना नमस्कार.

तुमचा,
उमाशंकर

ता. क. झुडपं तोडत वाट काढायला मी कोयता नेला होता. शुभांगी वर गेल्यावर, खड्ड्यात बसण्याआधी, ओल्या खडकावर त्याला बराच वेळ धार लावली. शेजारी खिळा होता. त्यावरचा सातचा आकडा मी नंतर वाचला. परिषदेआधी तिला कुणीतरी सांगायला हवं. तुमच्यावर ती कधी चिडत नाही. रविवारी याल का?

ता. क. दुसरं. जाताना कोयता घेऊन जा. धार झकास आलीय, पण घरात ठेवायची माझी हिंमत होत नाही.