पत्रिकेतली मुंगी

प्रिय सूर्यभानमामा,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

डिझाइनच्या वर्गात आवडत्या चित्रकारावर बोलायचं होतं. मी तुमच्या लग्नपत्रिका दाखवल्या. सनईवाल्याचे फुगलेले गाल तुम्ही एका रेषेत कसे काढता, ते सांगताना माझं मलाच थांबवेना. छापखान्याचा मालक नाव टाकू देत नाही, म्हणून तुम्ही प्रत्येक चित्रात एक मुंगी लपवता. राजापेठेतल्या घरी पत्रिका आली की मी लहानपणी आधी मुंगी शोधायचे, मग नवरानवरी बघायचे.

वर्गात दाखवण्याआधी त्या सगळ्या मुंग्या मी कॉम्प्युटरवर पुसल्या. सरांनी चित्रकाराचं नाव विचारलं, तर मी म्हटलं, "माहीत नाही, जुन्या पत्रिका जमवल्यात." पुण्याच्या पोरींसमोर छापखान्यातला मामा सांगायची लाज वाटली. सर म्हणाले, "या माणसाला शोधून काढ."

काल तुमचा फोन आला. "आचल, तू माये चित्रं वर्गात दाखवले म्हन्ते तुई माय. मंग, मुंगी सापडली का वं त्याईले?"

"सापडली न मामा," मी म्हटलं, "सगळ्यात आधी."

तुम्ही किती वेळ हसत होतात.

तुमची म्हणवत नाही, तरी तुमचीच,
आचल